जिन्याखालचं कोर्ट

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमच्या वन्सं ती पायरी रोज सकाळी चढायच्या, संध्याकाळी उतरायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायच्या. वन्सं म्हणजे माझी नणंद, आमच्या ह्यांची पाठची बहीण. कोर्टात त्या पुकारा करायच्या. आत जज्जसाहेब बसलेले, बाहेर बाकांवर लोक बसलेले आणि मधल्या दारात वन्सं उभ्या. आतून खूण झाली की त्या बाहेर तोंड करून नाव घ्यायच्या, अमुक अमुक हजर आहे का. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदाही माणूस आला नाही तर त्याचं जे काय व्हायचं ते त्याच्या पाठीमागे होऊन जायचं.

आवाज असा की माणूस रस्त्यापलीकडे चहा पीत असला तरी कप ठेवून धावत यायचा. एकदा म्हणे रस्त्याने जाणारा त्याच नावाचा भलताच इसम आत येऊन उभा राहिला आणि शपथही घ्यायला लागला. हे वन्संनीच सांगितलेलं आहे, तेव्हा त्यातलं किती घ्यायचं ते तुमचं तुम्ही बघा.

लग्न त्यांनी केलं नाही. कोणी फार खोदून विचारलं तर म्हणायच्या, "तीनदा पुकारा केला, कोणी हजर झालं नाही. फाइल बंद." विचारणारा पुन्हा त्या वाटेला जात नसे.

नोकरी संपल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या. हे तोवर गेले होते. घरात मी, माझा मुलगा, सून आणि त्यांची तीन पोरं. पोरांच्या त्या आत्याआजी. पोरं त्यांना टरकून असायची, आणि पोरांचा बापही. ताटं वाढली की वन्सं तीनदा हाक मारायच्या. तिसऱ्या हाकेला जो आला नाही त्याचं ताट उचलून झाकून ठेवायच्या. ओरडणं नाही की रागावणं नाही. माझ्या मुलालासुद्धा एकदा गार जेवावं लागलं, आणि जेवताना तो माझ्याकडे असा बघत होता जणू मीच त्याच्यावर वॉरंट काढलंय. लाडेलाडे बोलणं वन्संना येतच नसे. बोबडं बोलणाऱ्या पोराला त्या "आपलं काय म्हणणं आहे?" असं विचारायच्या. पोर बिचारं आपलं म्हणणंच विसरायचं.

अशा बाईच्या ताब्यात नाताळाच्या तोंडावर पाच पोरं द्यायची वेळ आली.

त्याचं असं झालं. आमची सून आधी औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती. पाळीची नोकरी. ती निघायची तेव्हा पोरं झोपलेली, परतायची तेव्हाही झोपलेली. पोरं किती वाढली हे तिला पांघरुणाबाहेर आलेल्या पायांवरून कळायचं. त्या वर्षी तिने मनाचा हिय्या केला, नोकरी सोडली आणि घरच्या स्वयंपाकघरात केक करून विकायला लागली. पोरांना सांगितलं, आता मी घरीच, तुमच्याजवळ. हाताला चव चांगली. ती माझ्याकडून घेतलेली नाही. माझ्या हातचा केक म्हणजे वीट, खाण्यापेक्षा बांधकामाला बरी.

वाढदिवसाचे केक जायला लागले, मग लग्नाचे. आणि नाताळाच्या आधी तिला एका काचकारखान्याची ऑर्डर आली. तिथले मालक दर नाताळाला प्रत्येक कामगाराच्या हातात केकचा एक डबा देतात. नाताळाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत सगळे डबे तयार पाहिजेत, कारखान्याच्या कँटीनचे साहेब स्वतः गाडी घेऊन येणार. वेळेवर आणि नीट दिलं तर कँटीनचं वर्षभराचं काम आपल्याकडे. नाही जमलं तर काय, तेही सुनेने मला बाजूला घेऊन सरळ सांगितलं होतं, की औषधांच्या कंपनीतल्या मुकादमबाईंनी तिची जागा नव्या वर्षापर्यंत धरून ठेवली आहे. ती परत पाळीवर जाईल. तक्रार करणार नाही. पोरांना यातलं काही कळू द्यायचं नाही, असंही तिने बजावलं.

मदतीला खालच्या मजल्यावरची शेजारीण आली. बाई देवमाणूस, पण येताना आपली जुळी घेऊन आली. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. शाळेला सुट्टी लागलेली. स्वयंपाकघर आमचं चार माणसं उभी राहिली की पाचव्याने श्वास बाहेर जाऊन घ्यावा एवढं. पहिल्याच दिवशी आमच्या मधल्याने केक मऊ झालेत की नाहीत ते बघायला एका अख्ख्या ओळीत अंगठा खुपसला. विचारलं तर म्हणतो, मी तुमचं काम वाचवलं. जुळ्यांपैकी एकाने नाताळाच्या झाडाला टांगायच्या चांदण्या आयसिंगमध्ये बुडवून चाटल्या. दोघांतल्या कोणी ते त्यांच्या आईलाही सांगता येईना. चांदण्यांचा रंग गेला आणि आयसिंगला आला. आमचं शेंडेफळ टेबलाखाली बसून मलापण पीठ हवं म्हणून भोकाड पसरून. आणि थोरली, दहा वर्षांची, तिला आम्ही सगळ्यांवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. तिने लक्ष असं ठेवलं की आधी दोन भांडणं होती त्यांची चार झाली.

मुलाने एक दिवस रजा घेतली आणि मी सांभाळतो म्हणाला. दुपारच्या चहापर्यंत टिकला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या पाठीला नाताळाच्या देखाव्यातल्या गव्हाणीचं गवत चिकटलेलं होतं आणि तो म्हणाला की मी घोडा होतो, पण आता मी गाढव आहे. मग मी गोष्टी सांगायला बसले. माझ्या गोष्टी सहा. पोरं म्हणाली, आजी, ही झाली, हीपण झाली, आणि या गोष्टीत मागच्या वेळी राजा मेला होता. टीव्ही लावला तर टीव्हीवरून मारामारी.

संध्याकाळी सून ओट्याला टेकून उभी होती. हाताला पीठ, डोळे लाल. म्हणाली, आई, या गतीने निम्मेपण होणार नाहीत.

वन्सं दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "पोरं माझ्याकडे द्या."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. सून हळूच म्हणाली, आत्या, ती घाबरतात हो तुम्हाला. वन्सं म्हणाल्या, घाबरलेली माणसं मी जन्मभर बसवली आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आमच्या घरातून गच्चीवर जाणाऱ्या जिन्याखालची जागा रिकामी केली. तिथे जुने जोडे, छत्र्या आणि एक मोडका पंखा असायचा. तिथे लांब बाक ठेवला. बाकाच्या समोर एक दार आहे, भांड्यांच्या खोलीचं. त्या दाराशी वन्सं उभ्या राहिल्या, पाठ ताठ, हात मागे. पाचही पोरांना बाकावर बसवलं आणि विचारलं, कोणाची कोणाविरुद्ध काय तक्रार आहे.

बस्स, एवढंच विचारलं. मी स्वयंपाकघरात अंडी फोडत होते, हातातलं अंडं तसंच राहिलं. पाच पोरांच्या तोंडून वर्षभराचा अन्याय असा बाहेर पडला की पुराचं पाणी बरं. याने माझी पेन्सिल चावली. हिने माझ्या वाढदिवसाला माझी मेणबत्ती फुंकली. जुळ्यांची एकमेकांविरुद्ध तक्रार, आधी कोण जन्मलं. शेंडेफळाची तक्रार सगळ्यांविरुद्ध, मला लहान म्हणतात.

वन्संनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, तक्रारी दाखल झाल्या. आता ज्याचं नाव पुकारलं जाईल त्याने आत यायचं. बाकीच्यांनी बाकावर बसायचं. बोललं तर तक्रार रद्द.

आणि पोरं बसली हो. पाचच्या पाच. मला वाटलं कोणाला ताप आला की काय. दुपारी मी वन्संना विचारलं की ही जादू काय आहे. तेव्हा त्या म्हणाल्या, "वहिनी, कोर्टात कोणी करमणुकीला येत नाही. तिथे ना गाणं, ना खाऊ. तरी माणसं सकाळपासून संध्याकाळपर्यंत गप्प बसतात. का? आपलं नाव कधी येईल सांगता येत नाही म्हणून. उठून गेलं आणि नेमकं तेव्हाच आलं तर?"

मग त्यांनी आणखी एक केलं. बाकावर बसणाऱ्याने रिकामे हात ठेवायचे नाहीत, असा नियम काढला. केकचे डबे पुठ्ठ्याचे, सपाट येतात, ते दुमडून उभे करावे लागतात. तो गठ्ठा बाकाशेजारी आणून ठेवला. पोरं वाट बघता बघता डबे दुमडायला लागली. शेंडेफळाला फिती सरळ करून ठेवायचं काम. स्वयंपाकघरात सून, शेजारीण आणि मी, आम्हाला आमचाच आवाज ऐकू यायला लागला. भट्टीतून एकामागे एक खेप निघू लागली.

कोर्ट मात्र बघण्यासारखं होतं. जज्ज रोज बदलायचा. जज्जाने माझी काळी शाल पांघरायची. खोटी शपथ नको म्हणून वन्संनी देवाचं नाव घ्यायला मनाई केली होती. शपथ साखरेच्या बरणीवर हात ठेवून. खोटं बोलणाऱ्याला नाताळभर गोड कडू लागतं, असं वन्संनी एकदाच सांगितलं, आणि मधल्याने ताबडतोब न विचारलेले दोन गुन्हे कबूल केले.

साक्षीदार म्हणून आम्हालाही बोलवायचे. मला समन्स आलं ते मेणबत्तीच्या खटल्यात. थोरली आरोपीही होती आणि स्वतःची वकीलही. घटनेच्या वेळी आपण कुठे होता, म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, तिथेच होते, सगळं पाहिलं. ती म्हणाली, "मग खुर्चीवर घोरत होतं ते कोण?" जज्जाच्या शालीआडून शेंडेफळ हसलं, आणि माझी साक्ष गेली पाण्यात.

माझ्या मुलालाही बोलावलं होतं. तो कामावरून आल्या आल्या, बूटही न काढता, साखरेवर हात ठेवून उभा होता आणि सांगत होता की पेन्सिल चावताना मी पाहिलेलं नाही, पण या मुलाचा पूर्वेतिहास बघता नाकारताही येत नाही. शेजारीण म्हणाली, घरोघरी असं कोर्ट पाहिजे. मी म्हटलं, बाई, नवरे घरी यायचे नाहीत.

असे दिवस चालले. डब्यांचा ढीग जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत चढला. मग एका संध्याकाळी थोरलीने मला पकडलं. म्हणाली, आजी, एक लक्षात आलंय का तुझ्या? आत्याआजीच्या कोर्टात निकालच लागत नाही. खरंच की. सगळं व्हायचं, पुकारा, शपथ, साक्ष, उलटतपासणी, आणि शेवटी वन्संचा आवाज यायचा, पुढची तारीख. माझा मुलगा ऐकून म्हणाला, म्हणजे अगदी खऱ्यासारखं चाललंय.

पण मी विसळलेले ट्रे पुसताना वन्संना विचारलंच. त्यांनी माझ्या हातातला ट्रे घेऊन पुसला. मग म्हणाल्या, "वहिनी, मी दाराबाहेर असायचे. माणूस आत गेला की दार लागायचं. आत काय झालं ते मला माणसं बाहेर आली की त्यांच्या तोंडावरून कळायचं. निकाल कसा देतात ते मी कधी पाहिलेलंच नाही."

एवढ्या वर्षांची नोकरी, आणि बाईने एक निकाल ऐकलेला नाही. मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं. मी म्हटलं, मग आता? त्या म्हणाल्या, त्यात काय, नाताळापर्यंत तारखा पुरतील. आणि पाठ ताठ करून झोपायला गेल्या.

नाही पुरल्या.

नाताळाचा आदला दिवस उजाडला. शेवटची खेप भट्टीत जायची होती, आणि तयार झालेल्यांतल्या बऱ्याच केकांवर आयसिंग बाकी होतं. सून पहाटेपासून उभी. दुपारी गाडी येणार. सगळं तोलून मापून चाललं होतं, एकाचाही पाय घसरला असता तर गणित कोसळलं असतं. आणि तेवढ्यात जिन्याखालून आवाज येईनासा झाला. पुठ्ठ्याची करकर बंद.

मी जाऊन पाहिलं तर पोरांनी हात मांडीवर ठेवलेले. संप. थोरली उभी राहून वन्संना सांगत होती की आज निकाल लागल्याशिवाय एकही डबा दुमडला जाणार नाही. जुन्या तक्रारी राहू देत, नवी तक्रार दाखल करायची आहे. तारीख चालणार नाही, आजच ऐकायची.

वन्संनी विचारलं, कोणाविरुद्ध.

थोरली म्हणाली, "आईविरुद्ध."

मी डोळ्यांनीच वन्संना खुणावलं, टाळा, काहीतरी करून टाळा. वन्संनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला दारातून परत पाठवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं आणि सुनेचं नाव घेतलं, पूर्ण, वडिलांकडच्या आडनावासकट, हजर आहे का.

आत शेजारणीचा हात थांबला. सून कोपरापर्यंत आयसिंगने माखलेली. दुसरा पुकारा झाला. ती माझ्याकडे बघायला लागली. मी काय सांगणार? मीच समन्स आलेली बाई. तिने शेवटची खेप भट्टीत सरकवली, दार लावलं, फडक्याला हात पुसले. तिसरा पुकारा पुरा व्हायच्या आत ती जिन्याखाली जाऊन उभी राहिली आणि न सांगता साखरेच्या बरणीवर हात ठेवला.

थोरली आधी थोडी गडबडली. आई खरंच येईल असं तिला वाटलं नसावं. मग तिने घसा साफ केला. म्हणाली, आरोपीने नोकरी सोडताना आम्हाला काय कबूल केलं होतं? सून म्हणाली, घरी राहीन, तुमच्याजवळ. थोरली मधल्याला म्हणाली, तोंड मीट. त्याने ओठ घट्ट मिटले. मग तिने आईला विचारलं, "याच्या तोंडात काय बदल झालाय?"

सून मधल्याकडे बघत राहिली. त्याच्या गालाकडे बघितलं, हनुवटीकडे बघितलं. काही तीळ, काही व्रण, काही लागलंय का ते शोधत होती. मलाही माहीत नव्हतं, देवाशपथ. सरतेशेवटी तिने मान हलवली.

मधल्याने तोंड उघडलं. समोरचा वरचा दात नव्हता.

सुनेने विचारलं, कधी पडला? तो म्हणाला, सोमवारी. मी तुला दाखवायला आलो होतो, तू म्हणालीस नंतर.

थोरलीचा आवाज खाली आला. तिने विचारलं की आरोपीला काही सांगायचं आहे का. सून म्हणाली, नाही, कबूल आहे.

आता सगळे वन्संकडे बघायला लागले. त्या दिवशीचा जज्ज जुळ्यांपैकी एक होता, तो तर शाल काढून कधीच बाकाच्या टोकाला सरकला होता. वन्संनी सवयीने मागच्या दाराकडे पाहिलं. आत कोणी आहे आणि तिथून आता खूण होईल, असं. आत नुसती भांडी. स्वयंपाकघरात भट्टी घरघरत होती. शेजारीण पिशवीतून आयसिंग पिळायचं विसरून दारात आलेली.

मग वन्संनी हात मागे बांधले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "गुन्हा शाबीत आहे. भट्टीत जी खेप आहे ती निघेपर्यंत आरोपीने या बाकावर पोरांमध्ये बसायचं. उठायचं नाही. भट्टीकडे बघायचं नाही. भट्टी वहिनी बघतील."

मी म्हणजे वहिनी. मी म्हणजे वीट. सुनेचा चेहरा पांढरा पडला तो शिक्षेने की माझ्या नावाने, ते मी अजून विचारलेलं नाही. आयसिंग बाकी, वेळ थोडा, आणि भट्टीवर मी. तरी ती बसली.

पोरं आधी लाजली. आई मागितली होती, मिळाली, आता हिचं करायचं काय, असं झालं त्यांना. शेंडेफळ मांडीवर चढलं. मधल्याने दात कुठे ठेवलाय ते सांगितलं. मग जुळी, त्यांची ती आईसुद्धा नाही, तीही दोन्ही बाजूंनी चिकटली. मी भट्टीपुढे खुर्ची टाकून काचेला नाक लावून बसले होते, पण कान तिकडे. मधला विचारत होता की तू परत कंपनीत जाणार नाहीस ना. सुनेने मला पोरांना सांगू नका म्हणून बजावलं होतं. पण तिचा हात नुकताच साखरेवरून निघालेला. ती म्हणाली, आजचे डबे वेळेवर गेले तर नाही. नाही गेले तर जावं लागेल.

थोरली ताडकन उभी राहिली. म्हणाली, मग बसलीस कशाला? सून म्हणाली, "निकाल आहे ना."

थोरली वन्संकडे वळली आणि म्हणाली की मी तक्रार मागे घेते. वन्संनी मान हलवली. निकालानंतर तक्रार मागे घेता येत नाही, असं म्हणाल्या. हे खरं आहे की त्यांनी तिथल्या तिथे रचलं, मला ठाऊक नाही. त्यांनाही नसावं.

मग पोरांनी काय डबे दुमडले म्हणता. आई मधोमध मांडीवर हात ठेवून बसलेली आणि चहूबाजूंनी पुठ्ठ्याची करकर. थोरली एकीकडे दुमडत होती आणि एकीकडे आईला शाळेतलं सांगत होती, सगळं, मैत्रिणीशी अबोला धरला तिथपासून. सून फक्त ऐकत होती. तिला तसं बसलेलं मी लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच पाहिलं.

आणि मध्येच ती तिथून म्हणाली, आई, बंद करा भट्टी. बघायचं नाही असा निकाल होता, वास घ्यायचा नाही असा नव्हता. मी काढले. एकही जळलेला नव्हता. माझ्या हातून भट्टीतून इतके सरळ केक पहिल्यांदाच बाहेर आले, म्हणून मी शेजारणीला दोनदा दाखवले.

पण केक गरम. गरम केकावर आयसिंग घातलं की वितळून खाली येतं. ते निवायला हवेत, आणि निववायचा वेळ तर बाकावर गेलेला. सून ओट्याशी परत उभी राहिली तोच खाली गाडीचा हॉर्न वाजला.

कँटीनचे साहेब वर आले. बारीक माणूस, हातातल्या घड्याळाकडे बघत बघतच जिना चढलेले. शेवटचे काही डबे रिकामे दिसले तसे कपाळाला आठ्या. म्हणाले, बाई, दिलेली वेळ झाली. पाळी सुटायच्या आत मला वाटप करायचं आहे. असं असेल तर वर्षभराचं काम तुमच्या भरवशावर कसं द्यायचं मी? अर्धी रजा टाकून आलेला माझा मुलगा काहीतरी समजावायला पुढे झाला. सून आयसिंगची पिशवी हातात धरून उभी.

वन्सं जिन्याखालून पुढे आल्या. हात मागे. त्यांनी विचारलं, आपलं नाव? साहेबांनी सांगितलं. वन्सं म्हणाल्या, बसा. नाव पुकारलं की आत घेतलं जाईल.

आणि साहेब बसले. का बसले ते त्यांनाही कळलं नसेल. बाकावर, जुळ्यांच्या मध्ये. बसल्यावर इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या जुळ्याने त्यांच्या मांडीवर एक सपाट पुठ्ठा ठेवला आणि सांगितलं, रिकामे हात चालत नाहीत.

थोरलीने वेळ घालवला नाही. आपली तक्रार कोणाविरुद्ध आहे, म्हणून विचारलं. साहेब म्हणाले, उशिराविरुद्ध. ती म्हणाली, उशीर हजर करता येत नाही, माणूस सांगा. साहेब हसले. मग हसू ओसरलं आणि डबा दुमडता दुमडता म्हणाले, "तसं म्हटलं तर माझ्या थोरल्या भावाविरुद्ध आहे. आमच्या दोघांत एक सायकल होती."

साखरेची बरणी आली. सायकल दोघांना मिळून घेतलेली, भावाने तिच्यावर रंगाने फक्त स्वतःचं नाव लिहिलं. वडील काही बोलले नाहीत. साहेब सांगत गेले, पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत राहिली. मधल्याने विचारलं, पुसलं का नाहीत? साहेब म्हणाले, पुसलं होतं, त्याने परत लिहिलं. भाऊ कुठे असतो म्हणून विचारल्यावर कळलं, त्यांच्याच डोक्यावर, वरच्या मजल्यावर राहतो. जिन्यात दिसला की अजून सायकल आठवते, असं म्हणाले.

इकडे सून, शेजारीण आणि माझा मुलगा वारा घालून केक निववत होते. सुनेचा हात त्या दिवशी असा चालला की मला बघून दम लागला. शेवटच्या डब्याला फीत बांधली तेव्हा साहेबांचा पुकारा झाला. ते उठले, घड्याळाकडे पाहिलं, थोडे दचकले. उशीर झाला होता, पण पाळी सुटायला अजून अवकाश होता. एक डबा उघडून बघितला, कडेचा तुकडा तोंडात टाकला. दुसरा तुकडा टाकला.

डबे खाली उतरवायला पाचही पोरं. गाडीत बसताना साहेब सुनेला म्हणाले, नव्या वर्षात कँटीनचं सुरू करू. डबे न्यायला माणूस पाठवत नाही, मीच येईन. माझी केस अर्धी राहिली आहे, आणि प्रतिवादीला बरोबर आणता आलं तर बघतो.

संध्याकाळी घरातलं झाड सजवायचं राहिलं होतं ते पोरांनी आणि सुनेने मिळून सजवलं. चांदण्या रंग गेलेल्याच लावल्या. त्याआधी तिने मुकादमबाईंना फोन करून सांगितलं, माझी जागा दुसरीला द्या. वन्सं खुर्चीत बसून सगळं बघत होत्या. मधल्याने त्यांना विचारलं की मेणबत्ती फुंकल्याचा निकाल काय. मला वाटलं, आता तारीख.

वन्सं म्हणाल्या, फुंकणारी दोषी. पुढच्या वाढदिवसाला तिची मेणबत्ती हा फुंकेल. आणि लगेच जुळ्यांचंही सांगून टाकलं, की आधी जन्मलेल्याने आधी अंघोळीला जायचं. त्यानंतर दोघांपैकी कोणीच मोठा असल्याचा दावा केला नाही.

एकदा हात बसला म्हणतात ना, तसं झालं. तेव्हापासून वन्सं प्रत्येक गोष्टीत निकाल देतात. चहात साखर किती, खिडकी उघडी की बंद, माझ्या मुलाने नवा शर्ट घ्यावा की नाही. घरात एक माणूस सुखाने चूक करू शकत नाही. माझ्याविरुद्धही एक तक्रार आहे, की मी रेडिओ मोठ्याने लावते आणि त्यापुढे झोपते. मी तारीख मागून घेतली आहे.